कोणालाच नको असलेली टेकडी

शरोफत यांगा फतीर रोट्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन टेकडी चढताना दिसली, तेव्हाच दौलतमोने ओळखलं की आज आपल्याकडे काहीतरी मागितलं जाणार. यांगा म्हणजे वहिनी, थोरल्या भावाची बायको, आणि ती गेल्या बारा वर्षांत इथे दोनदाच आली होती. एकदा हरवलेली बकरी शोधायला, आणि दुसऱ्यांदा, ती बकरी दौलतमोने बांधून का ठेवली म्हणून भांडायला.

दौलतमो झऱ्याच्या टाक्याशी उभी होती. उजाडलं की ती आधी टाक्याचं तोंड उघडायची आणि कुदळ खांद्यावर टाकून पाण्याबरोबर पायरी पायरीने खाली उतरायची. एका पायरीवरच्या बदामांना पाणी पोचलं की पुढच्या पायरीचा दगड काढायचा, मागचा लावायचा. पाणी संपेस्तोवर ऊन अंगावर यायचं. मग कुंपणाची फेरी. काटेरी जुड्यांच्या त्या कुंपणात रोज कुठेतरी एक नवं भगदाड पडलेलं असायचं, कारण गावातल्या बकऱ्यांना बारा वर्षांत ही टेकडी सोडून दुसरं कशाचं आकर्षण उरलं नव्हतं. मग मधमाश्यांच्या पेट्या, मग गवताची कापणी, मग गाढवावर दोन भारे. या रहाटीत पाहुण्यांना जागा नव्हती. पण आज शुक्रवार होता, आणि वडिलांनी, म्हणजे ज्यांना घरातले सगळेच बोबो म्हणत त्या सैदमुरोद बोबोंनी, अख्ख्या कुटुंबाला जेवायला बोलावलं होतं. तेही खालच्या घरी नाही, वर टेकडीवर.

"किती वाळलीस गं," यांगा धापा टाकत म्हणाली आणि गाठोडं खाली ठेवून एका दगडावर टेकली. "एकटीने किती करायचं बाईमाणसाने. मी तुझ्या अकाला नेहमी म्हणते, तिला जरा हातभार लावा."

"अका काय म्हणतात?"

"ते तर लावायलाच निघालेत." यांगाने आवाज खाली आणला. आजूबाजूला मधमाश्यांखेरीज कोणी नव्हतं. "सोमवारी बोबो जिल्ह्याच्या कचेरीत जाणार, ठाऊक आहे ना? एकाच कागदावरची सगळी जमीन आता वेगवेगळ्या नावांवर करायची. कोणाला काय ते बोबो आज सांगणार. हे बघ, धाकट्याला रशियातून हाकललंय, पाच वर्षं तिथे पाऊल ठेवता येणार नाही. तो आता इथेच राहणार. तुझे बदाम तोडून तिथे मोटार उभी करील तो. तुला विचारलं तर तू एवढंच म्हण की टेकडी नझरुल्लो अकाच्या नावावर झाली तर तुझी हरकत नाही. मग आमच्याकडे काय नि तुझ्याकडे काय."

"आणि बकऱ्या?"

"बकऱ्यांचं काय?"

"त्या पण तुमच्याकडे काय नि माझ्याकडे काय?"

यांगा हसली. तिला विनोद समजला की नाही हे दौलतमोला कळलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत ही टेकडी कोणाच्या बोलण्यात नव्हती. होती ती चेष्टेत. बारा वर्षांपूर्वी दौलतमो वख्शच्या खोऱ्यातलं सासर सोडून चार वर्षांच्या मुलीला, झुलेखोला, घेऊन माहेरी आली. नवऱ्याने रशियात दुसरा संसार थाटला होता. तेव्हा कालव्याकाठचं शेत थोरल्या नझरुल्लोकडे होतं, घराजवळची बाग धाकट्या इस्मतुल्लोसाठी ठेवलेली होती, आणि बोबोंनी लेकीला ही टेकडी दाखवली. पिठासारखी पिवळी माती, मधोमध माणूसभर खोल घळ, आणि बकऱ्यांच्या वाटांनी अंग सोलून काढलेलं. दौलतमोने घळीत काटक्यांचे बांध घातले. लोकांनी विचारलं, चिमण्यांची घरटी बांधतेस का? तिने उतारावर पायऱ्या खोदल्या, कुंपण घातलं, गुलाबी फुलांचं एस्पारसेत गवत पेरलं. पहिल्या साली लावलेल्या साठ बदामांपैकी अकरा जगले. सातव्या साली, तिच्या आजीच्या आठवणीतच उरला होता तो झरा पुन्हा पाझरायला लागला. तरी गाव म्हणत राहिलं, बिचारीला काहीतरी विरंगुळा हवा.

मग या वैशाखात दोन दिवस पाऊस कोसळला. गावावर उतरणाऱ्या पाच घळींपैकी चारांतून चिखलाचे लोंढे आले. पूल गेला, कोंबड्यांची खुराडी गेली, नझरुल्लोचं कालव्याकाठचं कांद्याचं शेत छातीभर गाळाखाली गेलं. पाचव्या घळीतून, दौलतमोच्या, घोट्याइतकं गढूळ पाणी आलं आणि निमूटपणे कालव्याला मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून लोक तिच्या टेकडीकडे मान वर करून बघायला लागले. घरचे लोक तर जास्तच.

यांगा फतीर गरम करायच्या निमित्ताने टेकडीवरच्या झोपडीत गेली, आणि पाठोपाठ इस्मतुल्लो आला. पांढरे बूट, हातात मटणाची पिशवी, मागे तीन पावलांवर बायको मोहिरा. दहा वर्षं रशियात लोकांच्या न्हाणीघरांना फरश्या बसवून त्याचे गुडघे दुखायला लागले होते, पण डोकं तरतरीत होतं.

"अपा," त्याने बहिणीला बाजूला घेतलं. "यांगा काय म्हणत होती?"

"म्हणाली, मी वाळले."

"तिचं ऐकू नका. अकाच्या हातात टेकडी गेली की आठवडाभरात चाळीस बकऱ्या वर असतील. तुम्ही माझ्या बाजूने बोला. मी काय ठरवलंय सांगू? इथे, या पायरीवर, चहाखाना. लाकडी माच, झोपाळा, खाली अख्खं खोरं दिसतं. शहरातली माणसं फोटो काढायला येतील. पायऱ्यांना फरशी बसवायची. चकाचक."

"फरशी बसवल्यावर पाणी कुठून मुरेल?"

इस्मतुल्लोने बुटाने पायरी ठोकून बघितली. "भोकं ठेवू," तो म्हणाला.

मोहिरा इतका वेळ गप्प उभी होती. तिने वाकून पायरीच्या कडेची माती चिमटीत घेतली, चोळून बघितली. "अपा, ही माती खालच्यासारखी पिवळी का नाही?"

बारा वर्षांत हा प्रश्न घरातल्या कोणी विचारला नव्हता. दौलतमोला उत्तर द्यायची सवयच नव्हती. "पाला कुजवते," ती म्हणाली. "दाखवीन तुला नंतर."

बोबो गाढवावर बसून आले. ऐंशीला एक कमी, पण टोपी स्वच्छ आणि दाढी कोरलेली. मोठ्या बदामाखाली गाद्या अंथरल्या होत्या, तिथे त्यांना मधोमध बसवलं. नझरुल्लो त्यांच्या उजवीकडे बसला. पंचावन्न वर्षांचा रुंद माणूस, पण शेत गेल्यापासून खांदे जरा उतरले होते. जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर चहा आला. मग शरोफत यांगाने लाकडी तबकात गरम फतीर कुस्करली, दौलतमोने त्यावर कुरुतचं आंबट दही ओतलं, वर तेलात परतलेला कांदा आणि हिरवी पात. कुरुतोब एकाच तबकातून हाताने खायचा असतो, त्यामुळे कोणी कोणाशी कितीही वाकडं असलं तरी बोटं तिथेच येतात.

"खरं सांगायचं," नझरुल्लोने पहिला घास गिळून सुरुवात केली, "हे सगळं बोबोंचं. बोबोंची नजर. आम्हाला टेकडी दिसायची, बोबोंना बाग दिसत होती."

बोबोंनी दाढीवरून हात फिरवला.

"तेव्हा मी लहान होतो," म्हणाला इस्मतुल्लो, जो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. "पण मला आठवतं, बोबो म्हणाले होते, या मातीत काहीतरी आहे."

"म्हणालो होतो," बोबो म्हणाले. "साधारण तसंच."

"आणि मी पहिली कुदळ दिली होती," नझरुल्लो म्हणाला. "दौलतमो, आठवतं ना?"

"आठवतं, अका. दांडा नव्हता तिला. दांडा मी बसवला."

"तेच म्हणतोय. सगळ्यांनी मिळून उभं केलेलं आहे हे."

दौलतमोने सगळ्यांच्या पियाल्यांत चहा ओतला. प्रत्येकाला स्वतःची एक आठवण होती. यांगाने म्हणे पहिल्या हिवाळ्यात रोपांसाठी पोती पाठवली होती. ती पोती दौलतमोला कधी मिळाली नव्हती, पण यांगाच्या चेहऱ्यावरून ती पाठवल्याची तिची खात्री दिसत होती.

चहाची दुसरी किटली संपल्यावर बोबो खाकरले.

"सोमवारी मी कचेरीत जातोय. मी किती दिवसांचा, अल्ला जाणे. कालव्याकाठचं शेत चिखलात गेलं, ते निघायला दोन-तीन वर्षं जातील. धाकट्याला पोट आहे. मी ठरवलंय. टेकडीचे दोन भाग. एक नझरुल्लोचा, एक इस्मतचा."

नझरुल्लोने तबकातला पुढचा घास घेतला.

"आणि अपा?" मोहिराने विचारलं. इस्मतुल्लोने तिच्याकडे वळून बघितलं.

"दौलतमो आपलीच आहे," बोबो म्हणाले. "तिला वेगळं काय द्यायचं? ती बघतेच आहे सगळं. पुढेही बघेल."

दौलतमोच्या हातात दह्याचं भांडं होतं. तिने ते खाली ठेवलं नाही. तबकात एका बाजूला फतीर कोरडी पडली होती, तिथे ओतलं, सारखं केलं. बारा वर्षं, तिच्या मनात आलं, आणि ते एका वाक्यात बसलं, वर जेवताना. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण त्याऐवजी तिच्या डोळ्यासमोर टेकडीचा नकाशा उभा राहिला. कुठलं पाणी कुठून येतं, कुठला बांध कधी खचतो. गेली पाच वर्षं तिला रोज सकाळी एकच गोष्ट खुपत होती. टेकडीच्या माथ्याला लागून नझरुल्लोचं चराऊ रान होतं, कलतेपा म्हणतात त्याला, म्हणजे टकली टेकडी. तिथे गवताची काडी उरली नव्हती. तिथला चिखल दर वसंतात तिच्या वरच्या पाच पायऱ्या फोडायचा, आणि यंदा त्याच कलतेपाची दुसरी बाजू ढासळून नझरुल्लोच्या कांद्यावर गेली होती. त्याच्याच बकऱ्यांनी सोललेला डोंगर त्याच्याच शेतात आला होता. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती आणि तो सोडून सगळे बोलत होते.

"बरं," ती म्हणाली. "मग उद्या पाणी सोडायला कोण येणार?"

"कुठलं पाणी?" नझरुल्लोने विचारलं.

"झऱ्याचं. उजाडता. उन्हाळ्यात रोज. आणि कुंपण?"

"ते तू..."

"मी कशाला, अका? माझं काय आहे इथे? मी आपली घरात बसेन, बोबोंना चहा देईन. झुलेखो कुलोबला नर्सिंग शिकतेय, तिच्याकडेही जाऊन राहीन महिना-दोन महिने. मधमाश्या या आठवड्यात उठतील, नवीन पेटी लावावी लागेल. इस्मत, तू लावशील?"

इस्मतुल्लोने मधमाश्यांच्या पेट्यांकडे बघितलं आणि नकळत बूट मागे घेतले.

"रागावलीस तू," बोबो म्हणाले.

"नाही, बोबो. हिशेबाने बोलतेय. तुमच्या मनात दोन भाग आहेत, मी तीन म्हणते. खालच्या सहा पायऱ्या अकांना. मोठे बदाम तिथेच आहेत, रस्ताही तिथे. मधल्या इस्मतला, झऱ्यासकट. वरच्या पाच मला."

नझरुल्लोने भुवया आकसल्या. देवाणघेवाणीत समोरच्याने स्वतःहून वाईट तुकडा मागितला की त्याला अस्वस्थ व्हायचं. "वरच्या पाचांत काय आहे? तिथे पाणी चढत नाही. दरवर्षी फुटतात."

"फुटतात ना. आणि त्यांच्याबरोबर कलतेपा पण मला. माझ्या नावाच्या वेगळ्या कागदावर."

यांगा मोठ्याने हसली. नझरुल्लो हसला नाही. "कलतेपावर काय सापडलं तुला?"

"चिखल, अका. तुमच्या कांद्यावर आलाय तोच."

नझरुल्लोचा चेहरा लालसर झाला. तो काही बोलायच्या आधी यांगाच बोलली, आणि जे बोलली त्याने दौलतमोलाही नवल वाटलं.

"देऊन टाका. टक्कल घेऊन करायचं काय आपल्याला? बकऱ्या सकाळी निघाल्या तशाच संध्याकाळी उपाशी परत येतात तिथून."

"आणि बकऱ्यांनी खायचं काय?" नझरुल्लो बायकोवर खेकसला.

"खालच्या सहा पायऱ्यांच्या कडेला एस्पारसेत आहे," दौलतमो म्हणाली. "वर्षात दोनदा कापणी होते. कापून गोठ्यात घाला. चाळीसांना नाही पुरणार, पंधरांना पुरेल. मात्र बकरी स्वतःच्या पायाने कुंपणाच्या आत आली, तर मी बांधून ठेवणार. कोणाचीही असो."

"मुलीच्या नावाचा वेगळा कागद," बोबो स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बोबोंची नजर," मोहिरा म्हणाली. एवढ्या वेळात ती दुसऱ्यांदा बोलली होती आणि सगळे तिच्याकडे बघत होते, तेव्हा तिने चेहरा अगदी साधा ठेवला. "आणि अपाच्या नावावर काही नसलं तर त्या जातील. मग आम्हाला शिकवणार कोण? यांना फरश्याच बसवता येतात."

इस्मतुल्लोने तोंड उघडलं, मग बायको खोटं काही बोललेली नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने घास घेतला.

नझरुल्लो अर्धा तास कुरकुरला. त्याने मोठ्या बदामांची मोजदाद केली, रस्ता कोणाच्या हद्दीत येतो ते तीनदा विचारलं, आणि शेवटी अगदी उदार माणसाच्या आवाजात म्हणाला, "घे कलतेपा. बहीण आहेस, नाही कसं म्हणू." टेकडी उतरताना तो बायकोला म्हणाला ते वाऱ्याने वरपर्यंत आणलं. तो म्हणत होता की बाईमाणसाला शेवटी व्यवहार कळत नाही.

सगळे गेल्यावर दौलतमोने तबक धुतलं आणि खालच्या पायऱ्यांवर गेली. पहिल्या साली जगलेले अकरा बदाम तिथे होते. त्यातल्या प्रत्येकाला तिने पाठीवरच्या कॅनने पाणी घातलं होतं, खालच्या कालव्यापासून वर, मुलीला एका हाताने ओढत. चौथ्या झाडावर वीज पडली होती, त्याची एक फांदी अजून काळी होती. ती प्रत्येक खोडाला हात लावत गेली. अकराव्यापाशी ती थोडी बसली. मग उठून वर गेली, कारण अंधार पडायच्या आत दुसऱ्या दिवसाचं गवत कापायचं होतं, आणि दुसऱ्या दिवशी अजून सगळं तिचंच होतं.

सोमवारी तीन कागद झाले. कचेरीतल्या माणसाने तिसऱ्या कागदावरचं नाव दोनदा विचारून घेतलं. नावात चूक झाली असावी असं त्याला वाटलं.

पहिल्या महिन्यात नझरुल्लो खालच्या पायऱ्यांवर दिवसातून चारदा फेरी मारायचा. दुसऱ्या महिन्यात त्याने पंचवीस बकऱ्या बाजारात नेऊन विकल्या आणि उरलेल्या गोठ्यात बांधल्या, कारण कापलेलं एस्पारसेत खाऊन त्या जाड व्हायला लागल्या होत्या. आणि जुलैत एके दिवशी दौलतमोला खालून आरडाओरडा ऐकू आला. ती धावत गेली. नझरुल्लोने गावातल्या मिर्झोबेकच्या तीन बकऱ्या धरून बदामाला बांधल्या होत्या आणि मिर्झोबेक कुंपणापलीकडे उभा राहून त्याला शिव्या देत होता.

"मुक्या जनावराला काय कळतं?" मिर्झोबेक म्हणत होता. दौलतमोला हे वाक्य तोंडपाठ होतं. ते तिने बारा वर्षं नझरुल्लोच्या तोंडून ऐकलं होतं.

"जनावराला नाही कळत, मालकाला कळतं ना?" नझरुल्लो कडाडला. "एका बकरीने एका दिवसात किती माती मोकळी होते, माहीत आहे तुला? एक पाऊस, आणि सगळं तुझ्याच अंगणात येईल. अडाणी आहात सगळे. दौलतमो, सांग याला."

"तुम्ही छान सांगताय, अका," दौलतमो म्हणाली आणि परत वर गेली. पायऱ्या चढताना तिला थांबून हसावं लागलं. हसताना बरगडीत दुखलं.

चहाखाना झाला नाही. इस्मतुल्लोने पहिल्याच आठवड्यात झऱ्याच्या टाक्याला आतून फरशी बसवली, आणि ती खरोखर उत्तम बसली, एक थेंब गळत नव्हता. त्यानंतर मात्र त्याला रोज उजाडता उठावं लागलं, म्हणून त्याची चहाखान्याची हौस आपोआप मावळली. मोहिरा मधमाश्यांत रमली. ऑगस्टात बदाम उतरले तेव्हा तिघांच्या झाडांचे बदाम एकाच अंगणात सोलायला पडले, आणि यांगा दिवसभर सोलत बसून ज्याला त्याला सांगत होती की पहिली पोती तिने पाठवली होती.

सप्टेंबरपासून दौलतमो कलतेपावर होती. चंद्रकोरीच्या आकाराचे खड्डे, उताराला आडवे, प्रत्येकाच्या खालच्या कडेला मातीचा छोटा वरंबा. थंडी पडली की त्यात पिस्त्याचं बी. इस्मतुल्लो दिवसाआड यायचा, गुडघ्याला पट्टा बांधून. त्याला सरळ रेषा चांगली दिसायची. फरश्यांमुळे नजर बसली होती.

ऑक्टोबरात जिल्ह्यातून पाहुणे आले. डोंगर कसा सावरला ते बघायला, वीस-पंचवीस जण, दोन गाड्या भरून. खालच्या पायऱ्यांवर नझरुल्लोने त्यांना बकऱ्या गोठ्यात का बांधाव्यात ते सांगितलं. मग मोठ्या बदामाखाली बोबोंना खुर्चीवर बसवलं. ते बोलायला लागले तसे पाहुणे वह्या काढून लिहायला लागले.

"मी तेव्हाच म्हणालो," बोबो सांगत होते, "या मातीत जीव आहे. मुलगे म्हणाले, बोबो, ही टेकडी मेली. मी म्हणालो, ही टेकडी मी माझ्या सगळ्यात चिवट लेकराला देणार. हात तिचे, पण बघणारे डोळे माझे."

एका तरुण बाईने दौलतमोला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? दौलतमो म्हणाली, चहा गार होतोय.

गाड्या गेल्यावर बोबोंना कलतेपा बघायचा होता. गाढव दमलं होतं, तेव्हा ते लेकीचा हात धरून चढले. वरच्या पाच पायऱ्या ओलांडल्या की कुंपण संपत होतं आणि पुढे पिवळा, उघडा उतार, त्यावर खड्ड्यांच्या ओळी. म्हातारा धाप लागून थांबला.

"मी त्यांना सांगितलं ते तसं नव्हतं," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे, बोबो."

"काय माहीत आहे तुला?"

"मी कंटाळून वख्शला परत जावं म्हणून ही टेकडी दिली होतीत."

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. खाली गावाकडे बघत राहिला. "एक हिवाळा. मला वाटलं होतं, एक हिवाळा काढेल आणि जाईल. नवरा नसला तरी सासर होतं तुला. इथे लोक बोलत होते. तुला सरळ जा म्हणायचं मला धाडस नव्हतं. म्हणून असं काहीतरी दिलं, जे कोणाच्यानेच होणार नाही." तो थांबला. "तू गेली नाहीस. मला तुझा फार राग यायचा. मग कौतुक वाटायला लागलं. मग पुढे पुढे लोकच म्हणायला लागले, तेव्हा मलाही वाटायला लागलं की तेव्हा आपल्याला दिसलं असेल."

"मी निघाले होते," दौलतमो म्हणाली.

"कधी?"

"दुसऱ्या वसंतात. साठातले एकोणपन्नास बदाम वाळले त्या आठवड्यात. बोचकं बांधलं होतं, झुलेखोला बूट घातले होते. सासूला फोन केला. ती म्हणाली, ये की, पण तुझ्या खोलीत आता गाय बांधतो, गाय विकेपर्यंत थांब." ती खाली वाकली आणि एका खड्ड्याचा खचलेला वरंबा हाताने दाबून नीट केला. "शरदापर्यंत थांबले. गाय काही विकली नाही त्यांनी. तोवर अकरा झाडांना पालवी फुटली होती."

म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता, आवाज न करता, आणि डोळे पुसत होता.

"म्हणजे तूही," तो म्हणाला.

"मीही."

"मग ते लोक पुन्हा आले तर काय सांगू त्यांना?"

"आज सांगितलंत तेच सांगा. छान सांगता तुम्ही." तिने त्याचा हात पुन्हा धरला आणि खाली उतरणाऱ्या वाटेकडे वळवला. "आता हळू, बोबो. इथली माती अजून सुटी आहे."